तोडा, चाप आणि कारखाना : भंडारा प्रांतांतील बंदुकीच्या कळीचा विचार

जुन्या दप्तरांत बंदुकीचा उल्लेख आला, कीं आमचे संग्राहक मित्र नळीची लांबी, तिजवरील सोन्यारुप्याचें काम व मालकाचें नांव एवढें टिपून पुढें जातात. बार उडविणारें जें यंत्र, म्हणजे कळ, तिजकडे सहसा कोणी पाहत नाहीं. वस्तुतः बंदुकीचा काळ व योग्यता ठरविण्यास कळीइतकें बोलकें अंग दुसरें नाहीं. ही कळ एकेका कारागिरानें फर्माशीप्रमाणें हातानें घडवावी, कीं कारखान्यांत एका नमुन्यावर हजारोंनीं काढावी, हा वाद आज परदेशांतील नेमबाज मोठ्या हिरिरीनें करीत असतात. तोच प्रश्न वैनगंगेच्या खोऱ्यांत दोनशें वर्षांपूर्वीं रणांगणावर उभा होता. त्याचा विचार येथें करूं.

तोड्याच्या बंदुकीची कळ अगदीं साधी. नळीच्या बुडाशीं एक छिद्र. छिद्राशीं रंजक ठेवण्याची लहानशी पाळ, तिला कान म्हणत. आणि पेटता तोडा धरणारा वांकडा दांडा. खालचा खटका ओढला, कीं दांडा हळूच कानावर उतरतो. यांत जबर कमान नाहीं, आघात नाहीं, म्हणून बार होतांना नेम हालत नाहीं. गांवच्या लोहाराच्या ऐरणीवर ही कळ होते, मोडली तर तेथेंच सांधते. चापाच्या बंदुकीचें तसें नाहीं. तींत गारगोटी धरलेला चाप कमानीच्या जोरानें पोलादी पत्र्यावर आपटतो व ठिणगी पडते. कमानीस पाणी अधिक बसलें तर ती तुटते, कमी बसलें तर लवते. पत्रा मऊ राहिला तर ठिणगीच पडत नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चापाची बंदूक मिळत असतांही आमचे लोक तोड्यास कां चिकटून राहिले, याचें उत्तर पुष्कळसें येथें आहे. त्यास निव्वळ जडत्व म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

येथें संस्कृतज्ञांसाठीं एक मुद्दा नमूद करतों. शुक्रनीतींत लघुनालिकाचें जें वर्णन आहे, त्यावरून गुस्ताव ओपर्ट यांनीं १८८० सालीं प्राचीन भारतांत बंदूक होती असा पक्ष मांडला. पण वर्णन नीट वाचावें. पांच वितस्ति लांब नळी, दोन्ही टोकांस नेमासाठीं तिलबिंदु, मधल्या बोटाएवढें भोंक, बरोबर शलाका, म्हणजे आपला गज, हें सर्व तेथें आहे. आणि अग्नि उत्पन्न होतो तो ‘यंत्राघाता’नें. आघातानें अग्नि म्हणजे तोडा नव्हे, चाप. शिवाय बुडाशीं ‘मूलकर्ण’ आहे. हा कर्ण म्हणजे शिपायाच्या तोंडचा कानच संस्कृतांत उतरविलेला, असें आमचें स्पष्ट मत आहे. चापाची बंदूक पाहिलेल्या ग्रंथकाराचे हे श्लोक आहेत. ते प्राचीन मानतां येत नाहींत. एका लहानशा कळीनें ग्रंथाच्या काळाचा निर्णय व्हावा, हें कळ पाहण्यास पुरेसें कारण आहे.

कारखाना या शब्दाविषयींही सावध असावें. आमच्या अठरा कारखान्यांतला कारखाना म्हणजे खातें व कोठार; एकसारखा माल काढणारी जागा नव्हे. त्या अर्थानें खरा कारखाना महादजी शिंद्यांच्या चाकरींतील सँगस्टर या स्कॉट गृहस्थानें आग्र्यास चालविला. तेथें चापाची बंदूक सुमारें दहा रुपयांस पडे व ती विलायती बंदुकीच्या तोडीची असे. मात्र विलायती कारखान्याचीही थोरवी वाजवीपेक्षां वाढवूं नये. कंपनीच्या शिपायाची बंदूक एका नमुन्याची असली, तरी तिची कळ कानशीनेंच जुळविलेली असे. एकीचा चाप दुसरीस बसेलच असें नव्हतें. सुटे भाग खरोखर अदलाबदल होऊं लागले ते इंग्लंडांत एनफील्ड येथें अमेरिकन यंत्रें आल्यावर, म्हणजे १८५५ नंतर. फ्रान्सांत ओनोरे ब्लां यानें हा प्रयोग १७८५ च्या सुमारास करून दाखविला होता, पण तो तेथें रुजला नाहीं.

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं सीताबर्डीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज व कंपनीची पलटण यांची गांठ पडली. भोसल्यांकडील अरब तोड्याच्या लांब बंदुकांचे धनी. इंग्रजांकडील दारूचा सांठा उडतांच त्यांनीं धाकटी टेकडी घेतली. पण कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाच्या हल्ल्यानें पारडें फिरलें, तेव्हां कळीनें युद्ध जिंकलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पुढचा प्रसंग अधिक विचार करण्याजोगा आहे. डिसेंबरांत हेच अरब नागपूर शहराच्या तटाआड राहिले. २४ तारखेचा हल्ला त्यांनीं परतविला आणि महिनाअखेर अटी ठरवून ते बाहेर पडले. भिंतीवर नळी टेकवून सावकाश नेम धरणाऱ्यास तोड्याची कळ उत्तम. उघड्या माळावर रांगेनें भराभर बार काढणाऱ्यास चाप बरा. शिवाय चापाच्या बंदुकीस संगीन असे. १८१८ सालीं कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल अप्पासाहेबांच्या पक्षानें उठला, तो कॅप्टन गॉर्डननें मोडला. कामठा त्या वेळीं या प्रांतांत होता. १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यांत मोडतो.

पुढें १८५३ त तिसरे रघूजी वारले व नंतर राज्य खालसा झालें. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें बंदूक बाळगण्यासच नव्हे, तर घडविण्यासही परवाना लागूं लागला. लोहाराच्या हातची कळ येथेंच संपली. भंडाऱ्याच्या तांबटांनीं पितळेच्या भांड्यांवर नांव राखलें. कांहीं लोक गांवाचें नांवच ‘भाणें’ या शब्दावरून काढतात. पण रतनपूरच्या १११४ च्या जाजल्लदेवाच्या शिलालेखांत ‘भाणार’ आलेलें असतां त्या व्युत्पत्तीचा फार आग्रह धरूं नये. १९६४ सालीं जवाहरनगरास सरकारी आयुधनिर्माणी निघाली, तींत दारूचा माल होतो, बंदुकीची कळ नव्हे.

परदेशांतील वादाचा उल्लेख वर केला, तो थोडा खुलासा करून सांगतों. अमेरिकेंत बेंचरेस्ट नांवाची नेमबाजी आहे. मेजावर बंदूक टेकवून शंभर व दोनशें यार्डांवर पांच गोळ्या मारावयाच्या आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधील अंतर मोजावयाचें. जितकें कमी तितकें श्रेष्ठ. तिची राष्ट्रीय संघटना १९५१ त झाली. तेथें रेमिंग्टनची १९६२ ची सातशें क्रमांकाची कारखानी कळ एका बाजूस व फर्माशी कळ दुसऱ्या बाजूस. फर्माशी कळींत खिट्टीचीं दोन्ही कुसें सारखीं टेकतात, खिट्टीचें तोंड नळीच्या आंसाशीं काटकोनांत असतें, आणि गोळ्यांच्या पेटीसाठीं बूड न कापल्यामुळें ती अधिक ताठ राहते. वरच्या दर्जाच्या स्पर्धांत तिचाच वरचष्मा आहे. गंमत अशी, कीं अशा पुष्कळ कळी रेमिंग्टनचाच आराखडा राखतात, म्हणजे बाजारांतील दस्ते व खटके त्यांस बसावेत. आणि त्या कानशीनें नव्हे, तर संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर थोड्या थोड्या संख्येनें होतात. तेव्हां फर्माशी व कारखानी हीं दोन कुळें वेगळीं नाहींत. एकमेकांचे भाग तीं नित्य उसने घेत आलीं आहेत.

हेंच उसनवारीचें लक्षण आमच्याकडील जुन्या बंदुकांतही आढळतें. देशी नळीवर विलायती चाप, किंवा देशी चापावर कंपनीच्या मोहरेची नक्कल, असे जोड पुष्कळ मिळतात. चापावरील मोहर पाहून सबंध बंदुकीचा काळ ठरविणारे म्हणून फसतात. ती मोहर फार तर चापाचा काळ सांगेल. आणि असली हत्यारें हल्लीं मोडींत फार जातात. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या ४५ व्या कलमान्वयें जुन्या घाटाचें, पुराणवस्तूच्या मोलाचें, दुरुस्त करूनही न चालणारें हत्यार त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतें. ही गोष्ट ठाऊक नसल्यानें घरोघरचे लोक तें भीतीनें टाकून देतात. ज्यांच्या हातीं अशी बंदूक येईल, त्यांनीं अधिकाऱ्यांकडून खात्री करून घेऊन, नंतर जाणत्याकडून कळ उतरवून तिची आंतली बाजू पाहावी व तिचा ठसा घ्यावा. हातानें जुळविलेल्या कळीच्या भागांवर कारागीर कानशीचे एक, दोन, तीन असे बारीक चरे पाडून ठेवी, म्हणजे एकीचे भाग दुसरीच्या भागांत मिसळूं नयेत. हे चरे असल्यास किती व कोठें, हें नळीच्या मापाशेजारींच लिहून ठेवावें.