मोलेसरशास्त्र्यांचे शिक्षक

कळव्याच्या खाडीकाठी मी लहानाचा मोठा झालो. भरतीचे खारे पाणी जिथे शिरते ते 'खाजण', हे मला आगरी-कोळी शेजाऱ्यांनी दाखवले. पुढे हाच शब्द अर्थासह छापलेला भेटला, तो एका इंग्रजाच्या कोशात.

जेम्स मोल्सवर्थ १८१२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात इकडे आला, तेव्हा विशीतही पोचला नव्हता. सरकारी नोकरीत देशी भाषा उपयोगी पडत असे. पण त्याचा शब्द टिपण्याचा नाद त्या गरजेच्या पलीकडे गेला. शास्त्री-पंडितांना सोबत घेऊन आणि कँडी बंधूंच्या साहाय्याने त्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. १८३१च्या पहिल्या आवृत्तीत सुमारे ४० हजार शब्द होते, १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार. ग्रंथांतल्या शब्दांबरोबर बोलीतले शब्द आणि म्हणीही त्यात आल्या. लोक त्याला 'मोलेसरशास्त्री' म्हणू लागले.

या कामातला एक वाटा मात्र आपण विसरतो. शब्द सांगणारी, अर्थ समजावणारी मराठी माणसे त्याला मिळाली होती.

कळवा स्टेशनबाहेरचा परप्रांतीय भाजीवाला मोडक्या मराठीत भाव सांगतो आणि मीच हिंदीत उत्तर देतो. त्याने मराठी शिकावी, ही अपेक्षा रास्त आहे. पण शिकवायचे कोणी?

परवा मी मुद्दाम विचारले, "मेथीची जुडी केवढ्याला?"

"बीस रुपयाला."

"वीस," मी म्हणालो.

"वीस," तो हसून म्हणाला.