कामाचे टेन्शन आणि नोकरदाराचे हक्क : राजीनाम्यावर सही करण्याआधी

जुलै २०२४ मध्ये पुण्यात अर्न्स्ट अँड यंगच्या कार्यालयात काम करणाऱ्या २६ वर्षांच्या एका सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. नोकरीला लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. अतिकामाने मुलगी गेली, असे तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहून कळवले. कामाचा ताण हे मृत्यूचे कारण असल्याचे कंपनीने मान्य केले नाही. पण कामगार विभागाने तपासणी केली तेव्हा वेगळीच गोष्ट पुढे आली. २००७ पासून सुरू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. एवढ्या मोठ्या कंपनीत ही स्थिती, तर लहान ठिकाणी काय असेल?

जुनी-नवी सांगवी, पिंपळे गुरव या भागातून रोज कुणी हिंजवडीच्या आयटी पार्कला जातो, कुणी कंपनीच्या बसने चाकण एमआयडीसीला. कामाचे टेन्शन सगळ्यांनाच असते, ते काम संपले की उतरतेही. चिंतेचा त्रास वेगळा. सुट्टीच्या रात्रीही झोप नाही, फोन वाजला की पोटात गोळा, छातीत धडधड, साधा मेल उघडायची भीती. हे दोन-तीन आठवडे चालू राहिले आणि जेवणखाण, झोप बिघडली, तर डॉक्टर गाठावा. थायरॉइडच्या दुखण्यातही धडधड होते, म्हणून तपासणी हवीच. आपल्याकडे अजूनही ‘लोक वेडा म्हणतील’ म्हणून तावीज आधी आणि डॉक्टर शेवटी, असे घडते. दुआ करावीच, पण तिच्यासाठी औषध थांबवू नये.

टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येते. सांगवी फाट्याजवळचे औंध जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीचे वायसीएम रुग्णालय इथे मानसोपचाराची सोय आहे. ईएसआय कार्ड असेल तर चिंचवडच्या मोहननगरमधील रुग्णालय आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवावी लागते, आणि विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावा लागतो. मेडिक्लेमचे कागद एकदा काढून बघा.

आता तासांचे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, जादा कामाला दुप्पट मजुरी. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ९ चे १० तास करायला आणि हा कायदा २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लावायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास मात्र तेच राहिले. व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना ही मर्यादा लागू नाही. म्हणून कुठे कुठे साध्या कारकुनालाही ‘मॅनेजर’ हे बिरुद चिकटवले जाते. वाद झाला तर नुसते पदनाम पुरत नाही, प्रत्यक्ष काम काय होते ते बघितले जाते.

सुट्टीचा मुद्दा आपल्या वाचकांच्या कामाचा. याच कायद्यात सणाच्या आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. ईदची सुट्टी हवी असेल तर डिसेंबरमध्येच लेखी मागावी. ईदच्या आदल्या रात्री साहेबांच्या विनवण्या करण्यापेक्षा ते बरे.

सगळ्यात महागात पडते ती घाईची सही. एचआरच्या खोलीत बोलावून ‘आत्ताच राजीनामा दे, नाहीतर रेकॉर्ड खराब करू’ असे सांगितले जाते आणि घाबरलेला माणूस सही करून मोकळा होतो. राजीनामा दिला की कागदावर तुम्ही स्वखुशीने गेलात. कंपनीने कपातीत काढले, तर वर्षभर सलग सेवा केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळतो. ‘मला विचार करायला वेळ द्या’ एवढे वाक्य पुरे. बाहेर आल्यावर त्याच दिवशी काय घडले ते एचआरला मेल करून कळवा. सही झालीच असेल तरी दबावाखाली केली हे लगेच लेखी कळवलेले बरे. सहा महिन्यांनी ते पटवणे कठीण जाते.

नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या, हजेरी आणि रात्री-अपरात्री आलेल्या कामाच्या मेसेजच्या तारखा स्वतःकडे जपून ठेवा. कंपनीच्या गोपनीय फायली मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका, तेच कारण करून काढतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा असो की बडतर्फी, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. ‘पंचेचाळीस दिवस लागतात’ असे उत्तर आले तर ते लेखी मागा आणि तो कागद घेऊन शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.