पाण्याने पाण्याचा उपसा : हार्झ पर्वतातील खाणींची जलव्यवस्था

जर्मनीतील हार्झ पर्वताच्या वरच्या भागात 16व्या शतकापासून चांदी व शिशाच्या खाणी जसजशा खोल गेल्या, तसतसा खडकातून झिरपणाऱ्या पाण्याचा उपसा हाच तेथील खाणकामाचा जीवनमरणाचा प्रश्न बनला. आणि वाफेचे यंत्र नसलेल्या त्या काळात पंप चालवण्यासाठी खरी भिस्त पाणचाकांवर, म्हणजे अखेर डोंगरावर पडणाऱ्या पावसावर होती. वॉल्केनरीडच्या मठातील सिस्टर्सियन भिक्षूंनी मध्ययुगातच या परिसरात तळी बांधली होती, तथापि तेथील क्लाउस्थाल या खाणगावाच्या पठारावर मोठी नदी नसल्याने खाणींचा पसारा वाढल्यावर पाऊस आणि वितळलेले बर्फ दूरदूरच्या उतारांवरून गोळा करणे अपरिहार्य झाले. त्यासाठी शंभराहून अधिक तलाव बांधले गेले आणि डोंगराच्या समपातळीला धरून, अगदी अल्प उताराचे, एकूण सुमारे 500 किलोमीटर लांबीचे पाट खोदले गेले. 1715 ते 1722 या काळात बांधलेला ओडरटाइख हा तलाव 19व्या शतकाच्या अखेरपर्यंत जर्मनीतील सर्वांत मोठा जलाशय होता.

या व्यवस्थेची थोरवी मात्र साठ्याच्या आकारापेक्षा पाण्याची उंची जपण्यात आहे, कारण एका चाकावरून सुटलेले पाणी खालच्या चाकावर आणि तेथून आणखी खालच्या चाकावर घेतले जाई. पुष्कळ चाके जमिनीखाली कोरलेल्या दालनांत बसवलेली असल्याने वापरलेले पाणी व पंपांनी वर उचललेले पाणी ही दोन्ही बाहेर काढण्यासाठी निचरा-बोगदे, म्हणजे दरीच्या दिशेने उतरत जाणारे भुयारी मार्ग, खणावे लागले. असा बोगदा जितका खोल, तितकी चाकांवर पाणी पडण्याची उंची वाढे आणि पंपांना पाणी उचलावे लागणारी उंची घटे. या दुहेरी लाभामुळेच 1777 ते 1799 या काळात 'टीफर गेओर्ग' व 1851 ते 1864 या काळात त्याहून खोल 'अर्न्स्ट आउगुस्ट' हे बोगदे अफाट कष्टाने खणले गेले.

कोरड्या उन्हाळ्यात तलाव आटले की चाके थांबत आणि खाणी बुडू लागत. ही उणीव पवनचक्क्यांनी भरून काढण्याचा तत्त्वज्ञ लाइब्निझ यांचा 1680च्या दशकातील प्रयत्न फसला. 1930 मध्ये क्लाउस्थालच्या खाणी बंद पडल्या, पण जुन्या खाणविहिरींतून सोडलेल्या पाण्यावर वीजनिर्मिती 1980 पर्यंत चालू राहिली. 2010 मध्ये युनेस्कोने या व्यवस्थेला जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि तिचे साठहून अधिक तलाव आजही देखभालीखाली आहेत.