'नरभक्षक' ते 'सहजीवन' : जुन्नर परिसरातील बिबट्याविषयीच्या भाषेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वन्यप्राण्यांविषयी रूढ असलेल्या शब्दांतून समाजाची दृष्टी व्यक्त होते. इतकेच नव्हे, तर शासकीय निर्णयांनाही त्यांतून दिशा मिळते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसराच्या आधारे या संबंधाचा विचार केला आहे.

विवेचन :
ब्रिटिश राजवटीत वाघ-बिबट्यांची गणना उपद्रवी प्राण्यांत होई व त्यांना मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे. याउलट वारली समाजाने त्यांना 'वाघोबा' म्हणून देवत्व दिले. विठोबा, खंडोबा यांप्रमाणेच येथील 'बा' आदरदर्शक आहे. मात्र त्या आदरात भयही सामावलेले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने दृष्टी बदलली. त्याच्या कलम ११ मध्ये 'मानवी जीवितास धोकादायक' ही कसोटी आहे. वृत्तपत्रांत मात्र 'नरभक्षक', 'धुमाकूळ', 'घुसखोरी' हे शब्द कायम राहिले.

'घुसखोरी' या शब्दात प्राणी बाहेरून आला, हे गृहीत धरलेले असते. कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि जुन्नर परिसरातील बिबट्या उसातच राहू लागला, तेथेच त्याची पिल्लेही जन्मू लागली. तरीही 'त्याला जंगलात परत सोडा' ही मागणी स्वाभाविक वाटली. पकडलेले बिबटे अन्यत्र सोडण्याच्या उपक्रमाचा अभ्यास विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ मध्ये ही सरासरी १७ झाली. २०११ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीही अशा स्थलांतराला प्रोत्साहन दिले नाही.

त्यानंतर 'सहजीवन' हा शब्द पुढे आला. जीवशास्त्रात तो परस्परांना लाभदायक अशा संबंधासाठी, तर व्यवहारात वैवाहिक जीवनासाठी वापरला जातो. ज्याची शेळी वा मूल बिबट्याने नेले, त्या शेतकऱ्याला हा शब्द क्रूर थट्टेसारखा वाटल्यास नवल नाही. 'सहअस्तित्व' या शब्दात लाभाचे असे आश्वासन नाही. म्हणून तो अधिक प्रामाणिक ठरतो.

निष्कर्ष :
'घुसखोरी' हा शब्द बिबट्याचा अधिवास नाकारतो, तर 'सहजीवन' हा शब्द शेतकऱ्याची हानी झाकतो. अधिवास आणि हानी या दोन्ही गोष्टी मान्य करणारी भाषा रूढ झाल्याशिवाय भरपाई, गोठ्यांची सुरक्षितता व रात्रीची दक्षता या उपायांना लोकांचा विश्वास लाभणे कठीण आहे.