टाकं आणि खड्डा

राजगडावर किंवा तोरण्यावर गेलं, की पाण्याच्या टाक्यांच्या कडेला जरा वाकून बघावं. पाण्याच्या वर, कातळाच्या अंगावर छिन्नीच्या तिरप्या रेघा दिसतात. हात फिरवला तर बोटांना अजून लागतात. सह्याद्रीतल्या गडांवरचं टाकं म्हणजे कितीदा तरी खाणच. जोत्याला, तटाला लागणारा दगड जागेवर फोडायचा आणि राहिलेल्या खळग्यात पावसाचं पाणी धरायचं. पाणी नसलेल्या ठिकाणी गड बांधणं भागच असेल, तर आधी खडक फोडून तळी-टाकी करावीत, असं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही सांगितलं आहे. तिथे खाण बुजवायचा प्रश्नच नव्हता.

गडाखाली मात्र दगड गावाबाहेर जाऊ लागला आणि खड्डा गावात राहिला.

भोर संस्थानात येळवंडी नदीवर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरचं पहिलं धरण बांधलं. आजचं, सुमारे साडेतेवीस टीएमसीचं दगडी धरण 1928 मध्ये पुरं झालं. महाराष्ट्रातली असली बांधकामं उभी राहिली ती वडारांच्या घणावर: कोणी माती वडार, कोणी गाडी वडार, कोणी पाथरवट. त्यांच्या नावाची पाटी कुठल्या धरणावर सहसा दिसत नाही, ही खंत वाटते. पुढे पुणं वाढलं, नसरापूर-कापूरहोळवरून जाणारा महामार्ग रुंद झाला, आणि पहारीच्या जागी सुरुंग, खडी क्रशर आले.

जमीन खासगी असली तरी तिच्या पोटातल्या खनिजावर हक्क सरकारचा; महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 48 तेच सांगतं. गौण खनिज काढण्याचे नियम 1955 पासून होते, 2013 मध्ये नवे आले. त्यामुळे खणताना परवानगी आणि स्वामित्वधन लागतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. बुजवताना काय, हे फार थोड्यांना.

बुजवायला माती लागते, आणि भरावाची साधी मातीही केंद्राच्या 3 फेब्रुवारी 2000 च्या अधिसूचनेने गौण खनिज ठरली. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांनी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. पाया खणताना निघालेली माती त्याच जागेवर सपाटीकरणाला वापरली, तर तिच्यावर स्वामित्वधन लागणार नाही, असा निकाल डिसेंबर 2014 मध्ये लागला. पण दुसऱ्या डोंगराचा मुरूम आणायचा, तर महसूल खात्याची परवानगी, स्वामित्वधन, वाहतुकीचा पास हे सगळं आलं. शिवाय एक खड्डा भरायला दुसरा पडतो, तो वेगळाच.

म्हणून शहरातला राडारोडा फुकट टाकून देतो म्हणणारा माणूस शेतकऱ्याला जवळचा वाटतो. तो मोह घातक आहे. नियमांनुसार राडारोडा ठरलेल्या केंद्रावरच जायला हवा. त्यात मिसळलेल्या कचऱ्याचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खालच्या विहिरीत उतरतं, आणि विहीर एकट्या खाणमालकाची नसते. भराव करायचाच, तर खाली स्वच्छ मुरूम घालावा आणि वर धरणातला गाळ. 2017 पासून राज्याची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजनाही आहे.

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या तालुक्यांतल्या खाणमालकांना एवढीच विनंती: खाण बुजवण्यासाठी तहसीलला अर्ज देण्याआधी मे महिन्यात एकदा खाणीच्या तळाशी उतरून बघा. तिथे पाणी असेल, तर ती खाण बुजवू नका.