डिंक्या रोग (मोसंबीवरील)

मोसंबी, संत्रा व लिंबू यांच्या बुंध्याची साल कुजवणारा रोग. तो फायटोप्थोरा प्रजातीतील बुरशीसदृश सूक्ष्मजीवांमुळे होतो. मराठवाड्यात जालना, छत्रपती संभाजीनगर व नांदेड जिल्ह्यांतील बागांत, विशेषतः पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत, तो बळावतो. पाण्यात पोहणारे चलबीजाणू मुळांत व बुंध्यात शिरतात. साल ओलसर तपकिरी होऊन उभी तडकते, तांबूस डिंक पाझरतो, पाने पिवळी पडून गळतात. बुंध्याभोवतीची साल पूर्ण कुजल्यास झाड वाळते. जंबेरी खुंटापेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट रोगास अधिक सहनशील असतो. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करतात. रोगट साल खरवडून तेथे मोरचूद, चुना व पाणी यांचे १:१:१० प्रमाणातील बोर्डो मलम लावतात.