एका जिन्याचा पंचनामा

मी इतिहासाचा शिक्षक. महायुद्ध शिकवताना सेनापतींची नावे आणि तहांच्या तारखा फळ्यावर लिहितो. लंडनमधल्या एका जिन्याची हकिगत मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडली नाही. म्हणून हे टिपण.

पूर्व लंडन म्हणजे गोदी कामगार, शिंपी, सुतार यांची वस्ती. तिथल्या बेथनल ग्रीन या भुयारी रेल्वे स्टेशनचे काम १९३६ साली सुरू झाले आणि युद्ध पेटल्यावर अर्धवट थांबले. सप्टेंबर १९४० मध्ये पूर्व लंडनवर बॉम्ब कोसळू लागले. भुयारी स्टेशने निवाऱ्यासाठी वापरू द्यायची नाहीत, असे तेव्हा सरकारचे धोरण होते. खोल आसरा मिळाला तर लोक वर येणारच नाहीत, ही भीती! ज्यांच्यापाशी पैसा होता ते गावाकडच्या घरी गेले. गरिबांनी तिकिटे काढली, फलाटावर पथाऱ्या पसरल्या आणि उठायला नकार दिला. सरकारला नमावे लागले. त्याच ऑक्टोबरात बेथनल ग्रीन उघडले. हजारो माणसे तिथे झोपू लागली. पुढे भुयारातच वाचनालय आले, पाळणाघर आले. हा हक्क अर्जाने मिळालेला नव्हता. ठाण मांडून मिळवलेला होता.

पण आत जायला दार एकच. १९ पायऱ्या, मध्ये कठडा नाही, उजेडाला एक मिणमिणता दिवा. दाराचे बांधकाम भक्कम करण्याची परवानगी स्थानिक कौन्सिलने १९४१ साली मागितली होती. वरिष्ठांनी ती पैशाची उधळपट्टी ठरवून नाकारली.

३ मार्च १९४३. रात्री ८ वाजून १७ मिनिटांनी भोंगा झाला. दहा मिनिटांनी जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून ब्रिटिश सैन्याचीच नवी विमानविरोधी रॉकेटे सुटली. असा आवाज लोकांनी कधी ऐकला नव्हता. गर्दी दाराकडे सरकली. तळाच्या पायऱ्यांवर एक बाई पडली, तिच्यावर मागची माणसे. काही क्षणांत सुमारे ३०० जण त्या जिन्यात अडकले. १७३ मेले, त्यांत ६२ मुले. त्या रात्री त्या वस्तीवर एकही बॉम्ब पडला नव्हता.

मॅजिस्ट्रेट लॉरेन्स डन यांनी चौकशी केली. त्यांनी मुख्य दोष लोकांचा संयम सुटण्याला दिला. कठड्याचा अभाव आणि अंधार दुय्यम ठरले. अहवाल जानेवारी १९४५ पर्यंत दडवून ठेवला गेला. दरम्यान अफवा फिरत राहिली की घबराट ज्यूंनी माजवली. ही अफवा धादांत खोटी आहे, तिथे येणारे ज्यू अगदी थोडे होते, असे डन यांनी त्याच अहवालात लिहिले होते. पण खरे कुलपात होते आणि खोटे रस्त्यावर! १९४४ साली न्यायालयाने कौन्सिलला जबाबदार धरले. परवानगी नाकारणारे त्या खटल्यात प्रतिवादी नव्हते.

दुर्घटनेनंतर लगेच कठडे बसले. डिसेंबर १९४६ मध्ये गाड्या सुरू झाल्या. उलट्या जिन्याच्या आकाराचे, मृतांची नावे कोरलेले स्मारक पूर्ण व्हायला मात्र २०१७ साल उजाडले.

‘जमाव बेभान झाला’ हे वाक्य आपल्याला अपरिचित नाही. कष्टकऱ्यांच्या मरणानंतर ते तयारच असते, आणि पाठोपाठ एखाद्या दुबळ्या जातीकडे वा धर्माकडे बोट जाते. माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो : असे वाक्य दिसले की आधी जिना पाहा. दुरुस्ती कोणी मागितली, कोणी नाकारली आणि कागद कोणी दडवला, हे विचारा.